मदत हवी आहे: 'सगळे नर' चिलापीच्या शेततळ्यात पिल्लं, जीन टेस्ट करता येईल का?

नमस्कार मंडळी, मी दिंडोरीकडचा, बागेसाठी केलेल्या शेततळ्यात यंदा चिलापी सोडलीये. बी (सोडायची छोटी पिल्लं) मोनोसेक्स म्हणून घेतलं, म्हणजे सगळे नर, पण परवा फीड टाकायला गेलो तर कडेच्या कागदाजवळ सुईएवढ्या पिल्लांची झुंड, आणि एक मासा धरला तर त्याच्या तोंडातून आठ-दहा पिल्लं माझ्या ओंजळीत सांडली. आता हिला नर कसं म्हणू? बीवाला म्हणतो तुमच्या पाण्यातच काहीतरी असेल.

पुतणी नाशिकला झूलॉजी शिकते, ती म्हणाली काका, नाईल तिलापियात (म्हणजे आपल्या चिलापीत) एएमएच नावाच्या जुन्याच जीनची वाय क्रोमोसोमवरची कॉपी नर ठरवते. म्हटलं चला, शेपटीचा तुकडा देऊन टेस्ट करू, तर लगेच म्हणते थांबा, माशांत हा नर ठरवणारा जीन सारखा बदलतो, जपानी मेडाका माशात डीएमवाय (2002 ला सापडला), त्याच्याच लुझोनच्या भावकीत जीएसडीएफ, रेनबो ट्राउटमध्ये तर इम्युनिटीच्या जीनपासून झालेला. माणसापासून कांगारूपर्यंत नर ठरवायला एकच एसआरवाय जीन चालतो ना, मग माशांनाच काय झालंय? आणि टेस्ट करू की नको?

उत्तर १: दादा, स्टार्टर बदलला तरी मोटर तीच असते तसं आहे हे. नर बनवणारी आतली यंत्रणा बहुतेक माशांत सारखीच, बऱ्याचदा तिच्यातल्याच एखाद्या जीनची कॉपी होते आणि ती वरचा स्टार्टर होऊन बसते. आपला वाय झिजून गेलाय, एक्सशिवाय माणूस जगूच शकत नाही, पण माशांचा वाय बऱ्याचदा एक्ससारखाच धडधाकट असतो, तिलापियात तर वायवाय (एक्स नसलेला, दोन्ही वाय) नर जगतो आणि त्याची पिल्लं बहुतेक नरच निघतात. म्हणून या स्टार्टर जीनची अदलाबदल पचते. टेस्टचं मात्र राहू द्या. तुमचं बी बहुधा हार्मोनवालं असणार, पहिले 21 ते 28 दिवस औषधाचं फीड देऊन केलेलं, म्हणजे त्यातले निम्मे जन्माने एक्सएक्सच (मादी), अंगाने नर. टेस्ट त्यांना मादीच म्हणेल. मासा उलटा धरून पोटाखाली बघा, नराला दोन छिद्रं, मादीला तीन.

मूळ धागाकर्ता: आज पन्नास उलटे केले. अकरा माद्या. बीवाल्याला फोटो पाठवलेत, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.