'हौशी मंडळींनी हात काढून घ्यावेत' – या वाक्याला उत्तर

पागोळी

तुंबणाऱ्या पाण्याच्या चर्चेत काल 'उतारपातळी' यांनी लिहिलं: "पाणी तुंबतं ते पावसाळी गटारं अपुरी म्हणून. खड्डे खणून झाडं लावणाऱ्या हौशी मंडळींनी हात काढून घ्यावेत, पैसा पाइपांवर लागू द्यावा." हे वाचल्यापासून डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही बारा घरांनी मिळून गेल्या वर्षी रेन गार्डन केलं, म्हणजे छपराचं पाणी मुरावं म्हणून झाडं लावलेला उथळ खळगा. झाडं आणायच्या आधी जागा तपासली. हातभर खोल खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा, काठी रोवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी कुठवर उतरलं त्याची खूण करायची. पहिल्या जागी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा पाणी तसंच होतं, खाली नुसती चिकण माती. ती जागा सोडली. दुसऱ्या जागी चार तासांत खड्डा कोरडा झाला. मग आकार ठरवला. १०० चौरस मीटर छतावर २५ मिमी पाऊस पडला की २,५०० लिटर पाणी होतं. २० चौरस मीटरचा, १५ सेंमी खोल खळगा ३,००० लिटर धरतो. एका छताला एक खळगा, असं साधं गणित.

पहिला मोठा पाऊस आला तेव्हा मी छत्री घेऊन तिथेच उभी होते. छपराच्या पाइपातून मातकट पाणी आलं, फेसाबरोबर काड्या तरंगत होत्या. गवताचे थोंब निम्मे बुडाले. संध्याकाळी पाणी नव्हतं, पात्यांवर गाळाचा पातळ थर तेवढा उरला होता. तो गाळ एरवी गटारात गेला असता.

अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये १९९३ ते २०११ या काळात छपरांचे ५६,००० हून जास्त पाइप सांडपाण्याच्या नळांपासून तोडून अंगणात सोडले गेले. घरमालकांनी आणि वस्तीतल्या गटांनी ते हाताने केलं. त्यांनाही हौशीच म्हणणार का?

उतारपातळी

ताई, तुमचं गणित बरोबर आहे, म्हणूनच ते पुढे नेतो. २५ मिमीला २,५०० लिटर. १०० मिमी पडला तर १०,०००. तुमचा खळगा ३,००० धरेल, पाऊस चालू असताना थोडं मुरेल, बाकीचं रस्त्यावर येणार. लोकांच्या घरात पाणी शिरतं ते त्या दिवशी. तुमचा खळगा पुरतो त्या दिवशी कुणाच्याच घरात पाणी शिरत नाही.

पोर्टलंडची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच काळात त्या शहराने जमिनीखाली प्रचंड बोगदे खोदले, 'बिग पाइप'. तेही २०११ मध्येच पूर्ण झाले. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियाचं नाव आता कुणीतरी घेईलच, म्हणून आधीच सांगतो. तिथली २०११ची हरित योजना पावसाच्या पहिल्या एका इंचासाठी आहे आणि तिचा हेतू नदीत मैलापाणी जाऊ नये हा आहे, पूर अडवणं हा नाही. चीनमधल्या झेंगझोऊने स्पंज सिटीवर, म्हणजे पाणी शोषून घेणारं शहर घडवण्यावर, भरपूर खर्च केला होता. २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला आणि मेट्रोत पाणी शिरून १४ माणसं गेली.

पाइपाचा व्यास दुप्पट केला की त्याच उतारावर तो सहापट पाणी नेतो. एकतीस वर्षं मी हेच काम केलं. चेंबरमध्ये कमरेइतक्या गाळात उतरलो आहे. तिथे झाडं लावून काही होत नाही.

तळमजला

सहापट पाणी नेतो, पण कुठे? माझ्या दारात.

आमची गल्ली उताराच्या टोकाला. वरच्या भागात गटार रुंद केलं, त्याचं कौतुकही झालं. आमच्या कोपऱ्यावरची मोरी मात्र जुनीच, अरुंद. आधी पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने पाणी उंबऱ्याला लागायचं, सामान वर चढवायला वेळ मिळायचा. आता वीस मिनिटांत येतं. पावसाळाभर खाट विटांवर असते. मुलीची वह्या-पुस्तकं कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात. तुमच्या एकतीस वर्षांत मोरीच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांशी कुणी बोललं होतं का?

आणि पागोळीताई, तुम्हालाही सांगते. शेजारच्या आवारातल्या उत्साही लोकांनी असंच रेन गार्डन केलं. जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडणार याचा विचार कुणी केला नव्हता. ते भरलं, बांधाच्या कडेने फुटलं आणि सगळं माझ्या पायऱ्यांवर आलं. पाटीवर मात्र 'जलस्नेही' लिहिलंय.

मुळं_माती

वीस चौरस मीटरवर भांडताय आणि अख्खं आवार पेव्हर ब्लॉकने झाकलंय, त्याचं काय? जिथे माती होती तिथे पेव्हर. झाडाच्या बुंध्याला गळफास लावल्यासारखा पेव्हर. आमच्याकडचं जुनं झाड दोन वर्षांत वरून वाळत गेलं. मुळांना ना हवा, ना पाणी. आधी ते उखडा, मग रेन गार्डनवर बोला.

समिती_सचिव

पेव्हरच्या फटींतून पाणी मुरतं, म्हणून तर आम्ही काँक्रीट न करता पेव्हर घातले. माहिती नसताना आरोप करू नका.

मुळं_माती

माहिती आहे म्हणूनच बोलतोय. आमच्या आवारात नळ दुरुस्तीसाठी ब्लॉक काढले तेव्हा मी बाजूला उभा होतो. ब्लॉकखाली दोन बोटं बारीक कच, तीही दाबून दगड झालेली. कचीखाली पीसीसीचा, म्हणजे साध्या काँक्रीटचा, सलग थर. कामगाराने पहार मारली तर ठिणगी उडाली. फटींतून गेलेलं पाणी त्या थरावर अडतं आणि कडेने गटारातच जातं. मुरणारे पेव्हर वेगळे असतात. त्यांच्या फटींत बारीक खडी भरतात, खाली मातीचा अंश नसलेल्या खडीचा जाड थर असतो, काँक्रीट नसतं. शिवाय फटी गाळाने बुजतात, त्या साफ ठेवाव्या लागतात. तुमच्या पेव्हरखाली काय आहे, कधी बघितलंय?

समिती_सचिव

बघितलं नाही. पण तुम्ही माझी बाजूही ऐका. माझी आई वॉकर घेऊन चालते. माती होती तेव्हा पावसाळ्यात ती चार महिने घराबाहेर पडत नव्हती. एकदा पडली आणि मांडीचं हाड मोडलं. पेव्हर घातल्यावर ती रोज संध्याकाळी बाकापर्यंत जाते. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चिखलाचं कौतुक मला सांगू नये.

मुळं_माती

आईंबद्दल वाईट वाटलं. पण त्यांच्या वाटेला पाच फूट रुंदीचा पट्टा पुरे होता. गाड्या उभ्या करायला बाकीचं आवार झाकलंत, ते आईंच्या नावावर खपवू नका.

समिती_सचिव

हे फार लागट बोललात. समितीचं काम फुकट करतो, वर हे ऐकायचं.

पागोळी

दोघेही जरा थांबा. पेव्हरसाठी वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन. सचिव, बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून मोठं आळं मोकळं करायला तरी तुमची हरकत नसावी. आईंची वाट त्याने अडत नाही.

समिती_सचिव

बुंध्यांभोवतीचे काढू. बैठकीत विषय मांडतो. बाकी आवाराचं मी कबूल केलेलं नाही.

पागोळी

उतारपातळी, १०० मिमीचा मुद्दा मान्य. खळगा त्या दिवशी पुरणार नाही. पण डेन्मार्कमधलं कोपनहेगन बघा. २ जुलै २०११ ला तिथे दोनेक तासांत काही भागांत १५० मिमीच्या आसपास पाऊस पडला आणि तळघरं बुडाली. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीची योजना केली, सुमारे ३०० कामांची. त्यात बोगदे आहेत, तशीच बागा आणि चौकही आहेत, जिथे पाणी मुद्दाम साठू देतात. डांबराचा मोठा भाग उखडून हिरवा केलेला तोसिंगे चौक २०१४ मध्ये खुला झाला, त्याच्या आखणीत रहिवासी होते. पाइप की माती, असा प्रश्न त्यांनी घातलाच नाही. तुम्ही मात्र आम्हाला हात काढून घ्यायला सांगता.

उतारपातळी

कोपनहेगनचं उदाहरण मलाही पटतं, का ते ऐका. त्यांनी आधी आकडा ठरवला. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंमीपेक्षा जास्त पाणी चढता कामा नये. मग कुठल्या चौकात किती पाणी थांबवायचं आणि ते कुठल्या काठावरून कुठे सोडायचं, हे मोजून ठरवलं. तळमजला यांच्या पायऱ्यांवर पाणी आलं ते कुणी मोजलं नाही म्हणून.

वरचं गटार रुंद करून खालची मोरी तशीच ठेवणं हा आमच्या खात्याचा दोष, तोही मान्य. काम नेहमी खालच्या टोकाकडून वर न्यायचं असतं. निधी भागाभागाने येतो आणि ज्याचा आधी येतो त्याचं आधी होतं. मी स्वतः असं एक काम सही करून पुढे सोडलं आहे. त्याचं वाईट वाटतं.

'हात काढून घ्यावेत' हे शब्द मागे घेतो. पण ताई, एक विचारतो, रागावू नका. तुमच्या खळग्यातलं जास्तीचं पाणी बाहेर नेणारा ओव्हरफ्लो पाइप आणि बांधाची सर्वांत खालची कड, दोन्हींच्या उंचीत फरक किती? डोळ्यांनी अंदाज नको. लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, लावून बघा.

तळमजला

आणि बांधाच्या पलीकडे कोण राहतं, तेही सांगा.

पागोळी

आत्ता गवंड्याकडून ट्यूब आणून बघितलं. बांध एका कोपऱ्यात खचलाय. तिथली कड ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा दोन सेंमी खाली आहे. म्हणजे पाइपातून पाणी जायच्या आधीच ते त्या कोपऱ्यातून बाहेर पडणार. त्या बाजूला जिन्याखालची खोली आहे, तिथे एक आजी राहतात.

वर्षभर आमच्या हे लक्षात आलं नाही.

उतारपातळी

नुसती माती टाकू नका, पुन्हा खचेल. कोपरा हातभर खणा, ओली माती थराथराने धुम्मस करून भरा, वर दगड बसवा. काठ ओव्हरफ्लोपेक्षा निदान १० सेंमी वर हवा, तोही सगळीकडे सारखा. पाइपाच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पहिल्याच पावसात पाचोळा अडकेल.

पागोळी

उद्या सकाळी सात वाजता सुरू करतो. आजींना आत्ताच सांगून आले.

तळमजला

माझ्या शेजारच्यांनाही कुणीतरी ट्यूब नेऊन दाखवा. मी सांगितलं तर भांडण वाटतं त्यांना.