मुंबईत गाडीला हीटर कशाला? – त्या लेखाला उत्तर

मुलुंड_चेकनाका (धागाकर्ता)

परवा इथे 'गाडीचा एसी, सोप्पं करून सांगतो' असा लेख आला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मुंबईत हीटर म्हणजे कंपनीने आपल्या गळ्यात मारलेली वस्तू. टेंपरेचर १८ वर ठेवा, रिसर्क्युलेशनचं (बाहेरची हवा बंद, आतलीच पुन्हा फिरवायची) बटण एकदा दाबलं की गाडी विकेपर्यंत काढू नका, बाकी कशाला हात लावू नका. खाली 'एकदम पटलं', 'शेअर करतोय' अशी ही रांग. तिथेच प्रतिसाद देणार होतो, पण लांबला.

आधी हीटर. मुंबईच्या थंडीचं कौतुक मला सांगू नका. सांताक्रूझचा ७.४ अंशांचा नीचांक जानेवारी १९६२ चा आहे, त्यानंतर आपण स्वेटर काढतो तो फोटोपुरता. पण हीटर इथे जानेवारीसाठी नाहीच. तो जुलैसाठी आहे.

जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या, आत चार माणसं, चौघंही भिजलेली, पायाशी गळक्या छत्र्या. मागून आवाज येतो, "एसी बंद करा हो, गारठलो." एसी बंद. रिसर्क्युलेशन चालूच, कारण लेखात तसं लिहिलंय. पुढचा सिग्नल यायच्या आत काचेवर वाफ धरते. मग एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात पिवळं फडकं, आणि पुसलेल्या तेवढ्या वर्तुळातून पुढच्या बसचे लाल दिवे शोधायचे.

तेव्हा करायचं ते असं: एसी चालू, नॉब लाल बाजूला, हवेचा रोख काचेवर, रिसर्क बंद. एसी आणि हीटर एकदम? हो, एकदम. कूलिंग कॉइल हवेतलं पाणी काढून घेते, हीटर ती कोरडी हवा गरम करतो, आणि काच बघता बघता मोकळी होते. हीटरला वेगळं पेट्रोल लागत नाही. इंजिनाचं जे गरम पाणी एरवी रेडिएटरमध्ये जातं, तेच आत फिरतं.

आता १८. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, २४-२५ च्या आसपास असतो. काच त्याहून थंड झाली की बाहेरून पाणी धरणारच. लोक आतून पुसत बसतात, जात नाही म्हणून एसी अजून वाढवतात, अजून धरतं. वायपर मारून बघा. वायपरने गेलं तर ते बाहेरचं. मग थंड हवा काचेवरून काढायची आणि टेंपरेचर वाढवायचं. आतल्या वाफेचा उपाय आणि बाहेरच्या वाफेचा उपाय एकमेकांच्या उलट आहेत. लेखात दोन्हीला एकच औषध, 'एसी फुल करा'.

ऑटो क्लायमेट (ठरवलेलं टेंपरेचर आपोआप राखणारा एसी) नसलेल्या गाडीत नॉबवर १८-बिठरा काही नसतंच, निळं आणि लाल असतं. तिथे नॉब अर्ध्यावर ठेवला की एसी वाचत नाही. बहुतेक गाड्यांत थंड केलेल्या हवेत गरम हवा मिसळली जाते, इतकंच. थंडी वाजली तर आधी ब्लोअर कमी करा.

---

गिरगाव_नाका

लेख माझाच. नाव न घेता धुतलंत, आभार.

माझ्या मेहुणीने पहिली गाडी घेतली, तिला डॅशबोर्डकडे बघून घाम फुटायचा, म्हणून लिहिलं. तिला दवबिंदू शिकवू? माणसाला गाडी चालवायची असते, वेधशाळा नाही.

आणि 'रिसर्क बंद करा, बाहेरची हवा घ्या' हे मुलुंडकरांनी सांगावं? ईस्टर्न एक्स्प्रेसवर विक्रोळीजवळ कांजूरच्या डम्पिंगचा जो दरवळ येतो तो आत घ्यायचा? देवनारजवळ? माहुलला? की सायन-पनवेलवर डम्परच्या मागे उभं राहून? बाहेरची हवा म्हणे. तुमच्याकडे येऊर जवळ असेल, आमच्याकडे मेट्रोची धूळ होती.

---

मुलुंड_चेकनाका

डम्पिंगजवळ, डम्परमागे, कोस्टल रोडच्या बोगद्यात, बेलाशक दाबा. मी कुठे नाही म्हटलं? पण मरेपर्यंत दाबून ठेवा म्हणालात त्याला आक्षेप आहे. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) आसपास. बंद गाडीत चार माणसांचा श्वास तोच तोच फिरत राहिला की आकडा हजारांत जातो. कसाऱ्याला पोचेपर्यंत सगळे जांभया देतात आणि दोष सकाळच्या मिसळीला.

मेहुणीबाईंना दवबिंदू नका शिकवू. चार बटणांची चित्रं शिकवा.

---

ठाण्याची_स्लो

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळपर्यंत रंगणार.

---

विजेवरचा

'हीटर फुकट' हे इंजिनवाल्या गाडीत. इलेक्ट्रिकमध्ये गरम पाणी आयतं नसतं, हीटर बॅटरी खातो. धाग्यात नोंद असू द्या.

---

मुलुंड_चेकनाका

नोंद घेतली. इलेक्ट्रिकवाले एखाद्या धाग्यावर 'आमची गाडी वेगळी' न सांगता गेले तर त्याचीही नोंद घेईन.

---

पार्लेकरीण

कसला नॉब हो? आमच्या 'ह्यांनी' हौसेने आणलेल्या नव्या गाडीत सगळं स्क्रीनवर. पाऊस कोसळतोय, काच पांढरी, मी चालवतेय, हात ओला, आणि स्क्रीनवर एसीच्या पानापर्यंत जायला आधी गाणं बंद करा, मग मेनू. ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. शेवटी मिलन सबवेच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन साडीच्या पदराला बोट पुसलं. शोरूममध्ये विचारलं तर पोरगा म्हणतो, "मॅडम, व्हॉइस कमांड आहे." पावसाच्या आवाजात त्या बाईने माझ्या बहिणीला फोन लावला.

---

दादर_टीटी

+१. म्हणूनच २०२६ पासून युरो एनकॅपने (गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणारी युरोपातली संस्था) एसीला खरी बटणं सक्तीची केली.

---

विजेवरचा

नाही केली. त्यांच्या नव्या निकषांत इंडिकेटर, हझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि एसओएस (संकटात मदत मागायचं बटण) आहेत. एसी त्यात नाही. आणि ती सक्ती नसून पूर्ण गुण हवे असतील तर अट आहे.

---

दादर_टीटी

बरं बुवा. वायपर तरी आहे ना. अर्धा पावसाळा सुटला.

---

ठाण्याची_स्लो

आता माझी काडी. हे सगळं स्वतःच्या गाडीचं झालं. आमच्यासारखे अॅपवरून टॅक्सी मागवणारे लोक आहेत, त्यांच्या हातात ना नॉब ना स्क्रीन. परवा ऐन मे महिन्यात कुर्ल्याहून बसलो, काचा खाली. म्हटलं एसी लावा. "एसी चाहिए तो पचास एक्स्ट्रा." बुकिंगमध्ये एसी लिहिलेलं असताना! या बाबतीत धागाकर्त्याचं काय मत?

---

मुलुंड_चेकनाका

धागा वाफेवर आहे.

---

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

मत मी देतो. वडिलांनी पद्मिनी, म्हणजे जुनी काळीपिवळी टॅक्सी, चालवली. इंजिनाची धग पायावर, मे महिन्यात मांड्यांना घामोळं, आई रात्री पावडर लावायची. तेव्हा मागे बसलेल्या एकाही भाड्याने एसी का नाही म्हणून विचारलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी रस्त्यावरून गेल्या तेव्हा हेच लोक हार घालून फोटो काढत होते.

आता मी सीएनजी गाडी अॅपवर लावतो. एसी लावला की पिकअप मरतो, ॲव्हरेज पडतो, आणि पंपावरची रांग एकाऐवजी दोनदा. कंपनीचं कमिशन कापून हातात काय उरतं ते विचारा. काळीपिवळीचं पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, कूल कॅबचं (एसी टॅक्सी) ४८, फेब्रुवारी २०२५ पासून. हा फरक सरकारनेच केलाय ना? एसीचे पैसे वेगळे, हे सरकारला कळतं.

---

ठाण्याची_स्लो

मग कूल कॅब दाखवा की. शेवटची निळी कूल कॅब कधी रिकामी मिळाली आठवत नाही. आणि तुमचं कमिशनचं भांडण कंपनीशी आहे, माझ्याशी नाही. मी दाखवलेलं भाडं भरलंय. तुमच्या मालकाचा राग माझ्या घामातून का काढता?

---

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

मालक नाही, 'पार्टनर' म्हणतात आम्हाला. आणि घाम तुमचा पाऊण तास, माझा बारा तास. तुम्ही उतरल्यावर मी पण एसी बंदच करतो हे माहितीये का?

---

पार्लेकरीण

दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण माझ्या आईला दमा आहे. तिला घेऊन सायन हॉस्पिटलला निघाले, काचा उघड्या, किंग्ज सर्कलला धूर थेट तोंडावर. हात जोडले तेव्हा त्याने एसी लावला, आणि लावला तो रिसर्क बंद ठेवून! म्हणजे धूर तोच, फक्त गार. मी पुढे हात घालून बटण दाबलं तर मलाच म्हणतो, गाडीला हात लावू नका.

---

गिरगाव_नाका

बघा! रिसर्क दाबलं म्हणूनच वाचल्या. माझा लेख वाचला असता तर त्या ड्रायव्हरने आधीच दाबलं असतं.

---

मुलुंड_चेकनाका

अशा ठिकाणी दाबा हे मी आधीच लिहिलंय. वाचता का नुसतं उत्तर देता?

---

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

ताई, दम्याचा पेशंट असताना एसी न लावणारा माणूस नालायक, यात वाद नाही. पण एकावरून सगळ्यांना धोपटू नका. उन्हात तापलेली गाडी, आत बसल्या बसल्या 'एसी फुल करो', काचा उघडून गरम हवा आधी बाहेर जाऊ द्यायचं कोणाला सुचत नाही. दोन मिनिटं काच खाली केली की ओरडतात, "एसी नही है क्या?" वर मागे बसून वेफर्स खातात आणि काच बंद. तो वास रिसर्कवर दिवसभर माझ्यासोबत फिरतो.

---

दादर_टीटी

ट्रकवाल्यांना १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांत केबिनला एसी सक्तीचा झाला. टॅक्सीवाले मात्र असलेला एसी लावत नाहीत. माज आहे माज.

---

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

ट्रकवाल्याला एसी मिळाला तो त्याच्या स्वतःसाठी. माझ्या एसीला तुम्ही बिल न देता हुकूम सोडता. माज कोणाचा ते दादरच्या फलाटावर उभं राहून विचार करा. फुकटे.

---

संपादक

वैयक्तिक टोलेबाजी थांबवा. विषय काचेवरची वाफ आहे.

---

सायनचा_जुना

तुमच्या वाफेवरून आठवलं म्हणून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्या दिवशी मी गाडीत होतो. सगळ्यांच्या काचा बंद, एसी चालू, पाणी दरवाज्याच्या अर्ध्यावर. पाणी आत गेलं की पॉवर विंडो दगा देतात, दरवाजा दाबाने उघडत नाही. त्या दिवशी या शहरात बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. तेव्हापासून हातोडी सीटखाली नाही, हाताशी ठेवतो. सबवेत पाणी दिसलं की पहिलं काम एसी नाही, रिसर्क नाही, काच खाली. भिजलात तर भिजा. १८ का २४ ते नंतर भांडा.

---

पार्लेकरीण

काका, हातोडी कुठे मिळते? खरंच विचारतेय.

---

सायनचा_जुना

ऑनलाइन मिळते, पट्टा कापायचं पातं असलेली घ्या. काच मधोमध नाही, कोपऱ्यात मारायची. बाजूची काच, पुढची नाही. पुढची फुटली तरी चिकटून राहते.

---

गिरगाव_नाका

ठीक. मेहुणीला काल रात्री मरीन ड्राइव्हला नेऊन काच बाहेरून कशी धरते ते दाखवलं. वायपरने गेलं. धागाकर्त्यांचं एवढं बरोबर निघालं, आता पेढे वाटतील. लेखात '१८' चं 'सोसेल तेवढं' केलंय. रिसर्कचा परिच्छेद तसाच ठेवलाय आणि राहणार.

---

मुलुंड_चेकनाका

एवढं झालं हेही पुष्कळ. रिसर्कवर घाटात भेटू.

---

ठाण्याची_स्लो

इतके जाणकार जमलेत तर एक विचारतो. भावाच्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी पायाखालचं कार्पेट सारखं ओलं. पाऊस नसतानाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात एसीचा गॅस कमी आहे, भरावा लागेल, शिवाय डॅशबोर्ड खोलावा लागेल. आकडा ऐकून भाऊ गप्प बसलाय.

---

टॅक्सीवाल्याचा_मुलगा

फुकट सल्ला देतो, फुकट्यांना चालतो. गॅसचा आणि कार्पेटचा संबंध नाही. गाडी सपाट जागी उभी करा, एसी चालू ठेवून खाली वाकून बघा. मुंबईच्या दमटपणात खाली धार नाही तरी थेंब पडलेच पाहिजेत. पडत नसतील तर ड्रेनची नळी चोक आहे, पाणी उलटं आत येतंय. नळी इंजिनाच्या मागच्या भिंतीतून खाली उतरते, गॅरेजवाला हवेचा पाइप लावून फुंकतो, चहाच्या पैशात काम. वर जाऊन ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा फिल्टर पण काढून बघा. माझ्या गाडीत तिथे उंदराने सीटच्या स्पंजचं घरटं केलं होतं, वर शेंगदाण्याची टरफलं.

---

मुलुंड_चेकनाका

बरोबर. आणि गॅस जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरणारा पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरायला बोलावणार.

---

ठाण्याची_स्लो

थेंब पडत नाहीयेत. भाऊ गाडीखाली आडवा आहे.