खलनायक हवा तर दाखवा, पण त्याच्या क्रौर्याला निदानाचे नाव का?

मृण्मयी :
गुन्हेगारी मालिकांतील खलनायकाला व्यक्तिमत्त्व विकार असल्याचे दाखवण्यात काहीही वावगे नाही, उलट त्यामुळे प्रेक्षक सावध होतात आणि अशा माणसांपासून चार हात दूर राहायला शिकतात, असे 'रोखठोक' यांनी काल लिहिले. माझे निदान बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचे, म्हणजे भावना आणि नाती टोकाची अस्थिर करणाऱ्या विकाराचे आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

क्रूर पात्रे दाखवू नका, असे माझे म्हणणे नाही. एखादे पात्र मालिकाभर इतरांचा छळ करते, शेवटच्या भागात कोणी डॉक्टर येऊन विकाराचे नाव उच्चारतो, आणि जणू त्या एका नावाने सगळ्या क्रौर्याचा उलगडा झाला असे मानून कथा संपते, याला माझा आक्षेप आहे. १९८७च्या 'फेटल अट्रॅक्शन' या इंग्रजी चित्रपटातील ॲलेक्स या खलनायिकेकडे आजही बॉर्डरलाइनचा नमुना म्हणून बोट दाखवले जाते. त्या चित्रपटाच्या मूळ शेवटी ती आत्महत्या करते. प्रदर्शनापूर्वी चाचणीसाठी चित्रपट दाखवलेल्या प्रेक्षकांना ते रुचले नाही, म्हणून नव्याने चित्रीकरण करून तिला नायकाच्या पत्नीच्या गोळीने मारण्यात आले. ती भूमिका करणाऱ्या ग्लेन क्लोज यांचा या बदलाला विरोध होता. वास्तवात या विकाराचा सर्वांत मोठा धोका ज्याला तो झाला आहे त्याच्याच जिवाला असतो, आणि पडद्यावरून नेमके तेच पुसले गेले.

रोखठोक :
आपल्या वेदनेचा अनादर करायचा नाही, परंतु आकडेही पाहा. १२ देशांतील तुरुंगांच्या पाहण्यांचा आढावा २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष कैद्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आढळला होता. मग लेखकांनी काय खोटे दाखवले?

शिवाय मी हे पुस्तके वाचून बोलत नाही. माझ्या आईला हाच बॉर्डरलाइन विकार होता. ती सकाळी मला जवळ घ्यायची आणि संध्याकाळी 'तुझ्यामुळेच मी मरणार आहे' असे म्हणून खोलीचे दार लावून घ्यायची. डॉक्टरांनी तिचे निदान आम्हा घरच्यांना कधीही सांगितले नाही. तरुणपणी एका मालिकेतील पात्र पाहिले, तेव्हा दोष माझा नव्हता हे मला पहिल्यांदा उमगले. ज्या चित्रणाला आपण कलंक म्हणता, त्यानेच मला वाचवले.

मृण्मयी :
आईबद्दल आपण लिहिलेले मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यावर वाद घालण्याचा मला अधिकार नाही. आकड्याबद्दल मात्र आहे. समाजविघातक विकाराच्या निकषांतच वारंवार कायदा मोडणे येते, मग तो तुरुंगात अधिक आढळणार यात नवल ते काय? आणि त्या विकाराचा आकडा घेऊन आपण सगळ्याच व्यक्तिमत्त्व विकारांवर शिक्का मारत आहात.

वाटसरू :
मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. निदान लपवल्याचा उल्लेख आला म्हणून लिहिते, कारण हे आम्ही पुष्कळदा करतो. कागदावर 'नैराश्य' लिहितो आणि पुढे जातो. यामागे कारण आहे. लुईस आणि ॲपल्बी या संशोधकांनी १९८८ साली मानसोपचारतज्ज्ञांना एका रुग्णाचे वर्णन पाठवले होते. ज्यांच्या प्रतीत त्याला पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाल्याचा उल्लेख होता, त्यांनी त्याच रुग्णाबद्दल अधिक कठोर मत दिले. तो त्यांना लक्ष वेधून घेणारा आणि त्रासदायक वाटला. तो शिक्का रुग्णाच्या कपाळी बसू नये म्हणून आम्ही गप्प राहतो.

मृण्मयी :
म्हणजे डॉक्टरांच्या मनात पूर्वग्रह आहे, म्हणून रुग्णाला अंधारात ठेवायचे? मला याचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही. माझ्याही कागदांवर वर्षानुवर्षे 'नैराश्य' होते. गोळ्या बदलत राहिल्या, फरक पडला नाही, आणि मी औषधालाही दाद न देणारी, वाया गेलेली मुलगी आहे असे स्वतःला समजावत राहिले. हातावर टाके घालणारी व्यक्ती माझ्या देखत सहकाऱ्याला म्हणाली, 'हिची नाटके नेहमीचीच आहेत.' ज्यांनी मला खरे नाव सांगितले नाही, त्यांनी माझ्याविषयीचा पूर्वग्रह मात्र सोडला नव्हता!

या विकारावर मुख्य उपचार मानसोपचाराचा आहे, गोळ्यांचा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराची, म्हणजे तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, पहिली नियंत्रित चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि स्वतःला इजा करण्याचे प्रमाण त्यात कमी झालेले दिसले. तरुणपणी आपणही रुग्णालयात दाखल होतो आणि स्वतःला इजा करत होतो, हे लिनेहन यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितले. संशोधक मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा दहा वर्षांत बहुसंख्य रुग्ण विकाराच्या निकषांतून बाहेर आलेले आढळले. निदानच सांगितले नाही, तर रुग्णाने हे उपचार शोधायचे कसे?

तटस्थ :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात वेगवेगळ्या नावांऐवजी विकाराची तीव्रता पाहिली जाते. नावेच मागे पडली की हा वाद मिटेल.

मृण्मयी :
त्या वर्गीकरणातही बॉर्डरलाइन हा आकृतिबंध नोंदवण्याची सोय ठेवलेली आहे, आणि मालिकांचे लेखक वर्गीकरण वाचून पात्रे लिहीत नाहीत.

रोखठोक :
तुरुंगाच्या आकड्याबाबत आपला मुद्दा नाइलाजाने मान्य करतो. पण एक गोष्ट मला सतत खटकते. कलंकाची चर्चा सुरू झाली की घरात होरपळलेल्या मुलांनी तोंड मिटून घ्यावे अशी अपेक्षा असते. आईचे दुःख खरे होते. माझी भीतीही खरी होती. ती बोलून दाखवली की मी लगेच पूर्वग्रहदूषित ठरतो. उपचार घेणारे, सावरणारे पात्र दाखवा, माझी हरकत नाही. त्या पात्राच्या मुलालाही त्याच कथेत बोलू द्या.

मृण्मयी :
हे मला मान्य आहे, आणि असे पात्र मी स्वतः आवर्जून पाहीन. मात्र अशा माणसांपासून चार हात दूर राहा, हा आपला सल्ला मला मान्य नाही. माझी माणसे दूर गेली असती तर मी आज हे लिहायला उरले नसते. वाटसरू, माझा प्रश्न अजून तसाच आहे.

वाटसरू :
रुग्णाला सांगायला हवे, हे पटते. पण त्यांच्या कागदावर ते लिहायला माझा हात अजून धजत नाही, कारण तो कागद पुढे कोणाच्या हाती पडेल ते माझ्या ताब्यात नसते. सांगताना बरे होण्याची शक्यताही त्याच बैठकीत सांगेन, एवढेच आज कबूल करू शकते.