उजनी खाली जायलंय, होडी कधीपर्यंत चालवावी?

केतूरची होडी:
नमस्कार मंडळी. करमाळा तालुक्यात केतूरच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यावर आमची होडी आहे. थंडीपासून पर्यटकांना पक्षी दाखवायला नेतो, बाकी घरची मासेमारी. पट्टकदंब हंस मार्चपर्यंत निघून जातात, पण फ्लेमिंगो उन्हाळ्यातही थांबतात आणि पुण्या-सोलापूरची माणसं त्यांच्यासाठीच फोन करतात. कालव्याला, नदीला पाणी सोडलं की काठ रोज मागं सरकतो. काल होडी लावली तिथं आज चिखल. त्यात पाण्याखाली बुडालेल्या वस्त्यांचे बांध, विहिरींचे कठडे, बाभळीची खोडं. वरून काही दिसत नाही आणि इंजिनाचा पंखा जाऊन आदळतो. होडीत लेकरंबाळं असतात, म्हणून विचारतो. किती टक्क्यांना होडी बंद करावी? पेपरातल्या आकड्यावरून हे ठरवता येतं का?

जुना मोजणीदार:
दादा, टक्के सोडा, मीटर बघा. पाटबंधारे खात्यात माझी नोकरी कालव्यावर गेली, तिथं पट्टीवरचा आकडा हाच शेवटचा शब्द असायचा.

उजनीची टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, म्हणजे ५३.५७ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्याच्या खाली ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणून धरण ‘मायनस’ झालं तरी पाणी दिसतं, होड्या चालतात, आणि २०२४ सारख्या साली तर आकडा उणे साठच्या आसपास जातो. लोक शून्य टक्के ऐकून घाबरतात, पण तुमच्या होडीला टक्क्यांशी देणंघेणं नाही. तिला तळ किती खाली आहे तेवढंच कळतं.

धरण भरलं की पातळी ४९६.८३ मीटर, शून्य टक्क्यांना ४९१.०३. धरणाच्या रोजच्या पत्रकात टक्क्यांबरोबर ही पातळीही येते. आता एक काम करा. लांब बांबूवर फुटाफुटाला रंगाचे पट्टे मारा. वारा नसेल अशा सकाळी तुमच्या नेहमीच्या वाटेनं हळू जात मोजत चला आणि सगळ्यात उथळ जागा शोधा. समजा त्या दिवशी पातळी ४९२.५० आहे आणि तिथं पाणी सहा फूट, म्हणजे साधारण १.८० मीटर भरलं. म्हणजे तिथला तळ ४९०.७० ला. पंख्याखाली मोकळं पाणी राहावं म्हणून एकूण एक मीटर धरा. पातळी ४९१.७० झाली की ती वाट बंद. त्या दिवशी धरण अजून प्लसमध्येच असेल, शेजारची होडी चालू असेल, गिऱ्हाईक म्हणेल पाणी तर दिसतंय की. तरी बंद. हा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा, ऐन सीझनमध्ये ठरवायला बसलात तर पैशाकडंच मन ओढेल.

गाळ दरवर्षी सरकतो, त्यामुळं मोजणी दर साली नवी करा. आणि तुम्ही धरणापासून लांब आहात, पावसाळ्यात दौंडकडून विसर्ग आला की तिकडची पातळी आणि पत्रकातली पातळी जुळत नाही. हा हिशोब उन्हाळ्याच्या स्थिर पाण्यासाठीच.

आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडायचं म्हणाल तर कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की बातमी येते. सोलापूर शहरासाठी भीमेत पाणी सोडतात ते वेगळं, सोलापूरजवळचा औज बंधारा भरेपर्यंत चालतं. तेव्हा पातळी झपाझप उतरते, काठ रोज बघावा लागतो.

इंदापूरकडचा:
काकांचं बरोबर आहे, पण मे महिन्यात मला पाण्यापेक्षा वाऱ्याची भीती जास्त वाटते. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. एवढ्या मोठ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नाही, लाटा मिनिटांत उठतात. दुपारनंतर ढग भरून आले, उकाडा वाढला की होडी काठालाच राहू द्या. पक्षी बघायचे तर पहाटेच बघायचे. लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद लावून. बसायला गादी म्हणून ठेवलेली पुष्कळ बघितलीत मी.

सोलापूरची लेक, सध्या लीड्स:
मी इंग्लंडात जिथं राहते तिथं कालव्यातल्या बोटी म्हणजे लोकांची सुट्टीही आणि काहींची घरंही. तिथली अडचण तळाची कमी, लॉकची जास्त. चढावर बोट वर-खाली न्यायला दोन दरवाज्यांमधला हौद भरतात आणि रिकामा करतात. अरुंद लॉकमध्येसुद्धा एका वेळेला लाखभर लिटरहून जास्त पाणी खाली जातं, आणि वरचे तलाव आटले की ते भरून निघत नाही. म्हणून आधी लॉकच्या वेळा कमी करतात, रुंद लॉकमध्ये दोन बोटींनी मिळून जायला सांगतात, शेवटी कुलूप लावतात. २०२५ च्या उन्हाळ्यात इथल्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा लांबच लांब पट्टा असाच बंद झाला. तुमच्या कामाचं त्यातलं एकच सांगते दादा: बंदची सूचना आधी देतात. तुम्हीही बुकिंग घेतानाच सांगा की अमुक पातळीखाली होडी निघणार नाही, पैसे परत. ऐनवेळी काठावर वाद होत नाही.

केतूरची होडी:
काका, बांबू आजच रंगवतो. बुकिंगचं ताईंनी सांगितलं तसंच करणार. एक शंका राहिली. फ्लेमिंगो उभे राहतात तिथं गुडघाभरच पाणी असतं, आणि लोकांना फोटोसाठी जवळ जायचं असतं.

जुना मोजणीदार:
तिथं इंजिन न्यायचंच नाही. लांबच बंद करायचं, वल्ह्यानं थोडं पुढं व्हायचं आणि थांबायचं. थवा माना वर करून एका दिशेला चालायला लागला की मागं फिरायचं. घरातली जुनी दुर्बीण होडीत ठेवा, जवळ जायचा हट्ट निम्म्यानं कमी होतो.