हळद लॅपटॉपवर पिवळी, मोबाइलवर केशरी, पाकिटावर हिरवट! काय करावं?

हळदकरी:
सांगलीत मार्केट यार्डाजवळ दुकान आहे, राजापुरी हळदीची पूड विकतो. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून परगावची गिऱ्हाइकं फोटो बघून मागवतात. फोटो मीच काढतो, निकॉनवर. लॅपटॉपवर रंग अगदी पोत्यातल्यासारखा. भावाच्या मोबाइलवर केशरी, पाकिटावर हिरवट. परवा जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "यंदा माल बदलला का हो?" स्क्रीनचे रंग जुळवणारं यंत्र, कॅलिब्रेटर, घेऊ का?

मिरजवाला:
थांबा, आधी फाइलचं नाव बघा. डीएससीच्या आधी '_' आहे का?

हळदकरी:
आहे की! सगळ्यांना आहे.

मिरजवाला:
म्हणजे कॅमेरा ॲडोबी आरजीबीवर आहे, रंग आकड्यांत मांडायची ती एक पद्धत. मणाचा आकडा कुणी क्विंटल समजून लिहावा, तसं होतं. जे ॲप प्रोफाइल, म्हणजे फाइलमधली 'आकडे कुठल्या पद्धतीचे' ही चिठ्ठी, वाचत नाही ते तुमचे आकडे एसआरजीबी या दुसऱ्या पद्धतीचे समजून दाखवतं, रंग फिका पडतो. वेबसाठी १९९६ पासूनचं ते एसआरजीबीच बरं. कॅमेऱ्यात तेच लावा. जुन्या फोटोंना फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' करून एसआरजीबीत आणा. 'असाइन' नको, त्यात माल तोच राहतो नि पोत्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते.

विश्रामबागकर:
केशरीचं खापर मी मोबाइलवर फोडेन. डिस्प्ले सेटिंगमध्ये 'व्हिविड' असेल, 'नॅचरल' करा. रात्रीचा पिवळट मोडही बंद ठेवा, लॅपटॉपवरचासुद्धा. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि दुकानात ट्यूब नि दारातलं ऊन एकत्र पडत असेल तर पुढचं सगळं वाया. एकाच उजेडात ताटली ठेवा, शेजारी ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं करडं कार्ड), त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची छटा काढून टाकायचं सेटिंग. साधा पांढरा कागद नको, त्यात बऱ्याचदा निळसर चमक असते.

छापखान्यातला:
आमच्यावर सगळे चिडतात म्हणून सांगतो. स्क्रीन उजेड फेकते, कागद पडलेला उजेड परत देतो. हळदीचा तो भडक पिवळा चार शाईंत जेमतेम बसतो. पिवळ्यात जरा सायन (निळसर शाई) शिरली की हिरवट झालाच, त्याला मॅजेंटाचा (गुलाबीसर शाईचा) हात लागतो. प्रेसवाल्याकडून त्यांचं प्रोफाइल मागा, लॅपटॉपवर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज, बघा. छापील प्रूफ मात्र हळदीची वाटी शेजारी ठेवून दारात, दिवसाउजेडी ताडा. आमच्या ऑफिसातल्या दिव्याखाली नको, तिथं मलाही फसायला होतं.
कॅलिब्रेटर खुशाल घ्या. पण तो तुमची स्क्रीन ताळ्यावर आणेल, गिऱ्हाइकाचा मोबाइल नाही.

हळदकरी:
कॅमेरा बदलला. लॅपटॉपचा रात्रीचा मोड चालूच होता, आत्ता कळलं! भावाच्या मोबाइलवर आता हळद हळदीसारखी दिसते. तो मात्र फुगलाय, पिक्चर बघायची मजा गेली म्हणतो. उद्या सकाळी वाटी घेऊन प्रेसवर जातो.