'छोंगफंग-छियांग' म्हणजे नेमकी कोणती बंदूक?

प्रश्न

चिनी सैन्याच्या शस्त्रांवरचा एक लेख मराठीत आणतो आहे. त्यात 'सबमशीनगन' हा शब्द पानोपानी येतो. १९५० ची टाइप ५०, १९५६ ची टाइप ५६ आणि २००५ ची क्यूसीडब्ल्यू-०५, तिन्ही त्याच नावाखाली. पण टाइप ५६ चे छायाचित्र पाहिले तर ती सरळसरळ एके-४७ दिसते! मूळ चिनी शब्द 'छोंगफंग-छियांग' असा दिला आहे. त्याला मराठीत सबमशीनगन म्हणावे, कार्बाइन म्हणावे की स्टेनगन? आमच्याकडची मोठी माणसे तर या सगळ्यांना स्टेनगनच म्हणतात.

प्रतिसाद

'छियांग' म्हणजे बंदूक आणि 'छोंगफंग' म्हणजे शत्रूवर धावून जाणे, चाल करणे. चढाईचा इशारा देणाऱ्या बिगुलालाही चिनीत 'छोंगफंग-हाओ' म्हणतात. शब्दशः प्रतिशब्द हवाच असेल तर आपल्याकडचा 'एल्गार' सर्वांत जवळचा. आता तो सभा-मोर्च्यांपुरता उरला असला तरी मूळचा रणांगणावरचाच आहे. पण 'एल्गार-बंदूक' असे लिहू नका. वाचकाला काही बोध होणार नाही.

अडचण अशी, की हे नाव बंदुकीच्या रचनेवरून पडलेले नाही, कामावरून पडले आहे. इंग्रजी, जर्मन, रशियन नावे रचनेकडे बघतात. जर्मन 'माशिनेनपिस्टोल' आणि रशियन 'पिस्तोलेत-पुलिम्योत' या दोन्हींत पिस्तूल आहे, कारण या बंदुकीत पिस्तुलाचे आखूड काडतूस लागते आणि ती मशीनगनसारखी सलग झडते. 'सबमशीनगन' हे नाव अमेरिकेत थॉम्पसन बंदुकीबरोबर रूढ झाले. चिनी नाव मात्र एवढेच सांगते, की ही घेऊन जवान धावत पुढे जातो. मग त्यात पिस्तुलाचे काडतूस असो की रायफलीचे.

टाइप ५० ही सोव्हिएत पीपीएसएच-४१ ची नक्कल आणि टाइप ५४ ही पीपीएस-४३ ची. दोन्हींत ७.६२ × २५ मिमीचे पिस्तुली काडतूस, म्हणजे दोन्ही खऱ्या अर्थाने सबमशीनगन. पुढे एके-४७ ची नक्कल तयार झाली, ती सैन्यात याच बंदुकांच्या जागी आली. काम तेच, म्हणून नावही तेच चिकटले : 'छप्पन्न-शि छोंगफंग-छियांग'. आत ७.६२ × ३९ मिमीचे बरेच दमदार काडतूस असूनही! पाकिस्तानी सैन्यात चिनी बनावटीच्या या बंदुकीला आजही 'एसएमजी', म्हणजे सबमशीनगन, म्हणतात. तिथल्या बातमीत एसएमजी वाचले, की आपल्या डोळ्यांपुढे छोटी स्टेन येते आणि लिहिणाऱ्याला अभिप्रेत असते एके.

प्रतिसाद

वरच्यात भर. 'शि' म्हणजे नमुना, आणि त्यापुढचा आकडा वर्षाचा. पण कोणत्या सनाचा, हे पाहूनच भाषांतर करा. १९४९ पूर्वीची शस्त्रे प्रजासत्ताक सनाने मोजलेली आहेत आणि त्याचे पहिले वर्ष १९१२. टाइप ३६ ही अमेरिकी एम३ए१ सबमशीनगनची शेनयांगमध्ये झालेली नक्कल १९४७ ची आहे, १९३६ ची नव्हे. टाइप ५० तिच्यानंतर चौदा वर्षांनी नाही, तीनच वर्षांनी आली. शान्शीत यान शीशान या सरदाराच्या कारखान्यात निघालेले .४५ चे टाइप १७ पिस्तूल असेच १९२८ चे. त्याच कारखान्यात थॉम्पसनच्या नकला होत होत्या. दोन्हींना एकच काडतूस चालावे म्हणून माउझर पिस्तुलाची ही नक्कल मुद्दाम .४५ मध्ये बनवली. इतका व्यवहारी विचार मला फार आवडतो.

त्या काळची लोकांच्या तोंडची नावेही सुंदर आहेत. थॉम्पसनला 'शोउथी', म्हणजे हातात धरून नेण्याजोगी, मशीनगन म्हणत. जर्मन एमपी-१८ आणि तिच्या चिनी नकलांना 'हुआ-जीग्वान', म्हणजे फुलाफुलांची मशीनगन, कारण तिच्या नळीवरच्या आवरणाला भोकांची नक्षी असते. १९२०-३० च्या दशकांतला मजकूर असेल तर तिथे 'छोंगफंग' शोधत बसू नका, ही नावे शोधा.

प्रतिसाद

कोरियन युद्धाचा भाग असेल तर आणखी दोन शब्द भेटतील. अमेरिकी सैनिक पीपीएसएच आणि तिच्या चिनी नकलेला 'बर्प गन' म्हणत. मिनिटाला सुमारे ९०० गोळ्यांचा वेग असल्याने वेगवेगळे बार ऐकू येतच नाहीत, ढेकर दिल्यासारखा एकच लांब आवाज येतो. (दुसऱ्या महायुद्धात हेच नाव जर्मन एमपी-४० लाही होते, तेव्हा संदर्भ तपासा.) दुसरा शब्द कोरियन लोकांचा, 'त्ताबाल-छोंग'. यातला 'छोंग' म्हणजे बंदूक, 'छोंगफंग'मधल्या 'छोंग'शी त्याचा संबंध नाही. 'त्ताबाल' हा तिकडच्या उत्तरेकडच्या बोलीतला शब्द, आणि त्याचा अर्थ आहे चुंबळ! डोक्यावर घडा ठेवताना खाली घेतात ती. ७१ गोळ्यांचे गोल मॅगझिन त्या बायाबापड्यांना चुंबळीसारखे दिसले. मराठीइतके नेमके भाषांतर याचे इंग्रजीतही होत नाही. तिथे बिनधास्त 'चुंबळ-बंदूक' लिहा आणि अर्थ एकदा सांगून टाका.

चिनी टाइप ५० ला मात्र ३५ गोळ्यांचे लांबट मॅगझिन लावलेले जास्त दिसते. तिचाच व्हिएतनामी अवतार के-५०एम. त्यात लाकडी दस्ता काढून फ्रेंच मॅट-४९ सारखा आत सरकणारा तारेचा दस्ता बसवला.

'बर्प गन' हा शब्द पुढे अमेरिकेत घरोघरी पोचला तो खेळण्यामुळे. मॅटेल कंपनीने १९५५ मध्ये याच नावाची टिकल्या फोडणारी बंदूक काढली आणि 'मिकी माउस क्लब' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिची जाहिरात केली. कोरियातली लढाई थांबून दोनच वर्षे झाली होती. ज्या आवाजाने सैनिकांची झोप उडवली, त्याचे नाव इतक्या लवकर मुलांच्या खेळण्यावर यावे, हे मला आजही खुपते.

प्रतिसाद

क्यूसीडब्ल्यू-०५ कडे वळतो, कारण तरुण वाचकांना हीच ओळखीची असेल. अक्षरांची फोड अशी : 'छिंग वूछी' म्हणजे हलके शस्त्र, मग 'छोंगफंग', मग 'वेइशंग' म्हणजे क्षीण आवाजाची. शेवटचे ०५ म्हणजे २००५. छोंगछिंगच्या च्येनशे कारखान्याची ही बंदूक. ५.८ × २१ मिमीचे काडतूस, ५० गोळ्या, आणि मॅगझिन चापाच्या मागे. निर्यातीसाठी आणि पोलिसांसाठी तिचे ९ मिमीचे भावंड आहे, ते जेएस.

'वेइशंग'चे भाषांतर 'मूक' किंवा 'निःशब्द' करू नका. सायलेन्सर लावून बंदूक मुकी होत नाही, तिचा आवाज दबतो, आणि चिनी शब्द तेवढेच सांगतो. 'दबक्या आवाजाची' हे मला योग्य वाटते. हीच परंपरा १९६० च्या दशकातल्या टाइप ६४ पासूनची आहे. तिच्यात सायलेन्सर नळीतच सामावलेला होता. मधली टाइप ७९ वेगळी : गोळीच्या वायूवर चालणारी, जेमतेम १.९ किलोची. सबमशीनगनमध्ये अशी रचना क्वचितच आढळते. म्हणून टाइप ८५ मध्ये ती सोपी आणि स्वस्त करावी लागली.

व्हिडिओ गेममध्ये क्यूसीडब्ल्यू-०५ नाव बदलून येते. २०१२ च्या 'कॉल ऑफ ड्युटी : ब्लॅक ऑप्स २' मध्ये ती 'चायकॉम सीक्यूबी' आहे. 'चायकॉम' हा शीतयुद्धातला हेटाळणीचा शब्द, चिनी कम्युनिस्टांसाठी वापरलेला. बंदुकीचे ते नाव कधीच नव्हते. २०१३ च्या 'बॅटलफील्ड ४' मध्ये ९ मिमीचे भावंड 'जेएस२' म्हणून येते, आणि पब्जीच्या रोंडो नकाशात 'जेएस९' म्हणून. गेमविषयी लिहिताना गेममधले नाव द्या, पण शस्त्राविषयी लिहिताना 'चायकॉम' येऊ देऊ नका. मराठी यूट्यूबवर तो शब्द खरे नाव समजून वापरला जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कार्बाइनचे काय ते राहिले.

प्रतिसाद

कार्बाइन नको. ब्रिटिश सैन्य स्टेनला अधिकृतपणे 'मशीन कार्बाइन' म्हणत असे. तीच सवय आपल्याकडे आली आणि कानपूरला बनलेली ९ मिमीची स्टर्लिंग पोलिसांत कार्बाइन झाली. आपल्या पोलिसांविषयी लिहिताना तो शब्द बरोबरच आहे. चिनी यादीत मात्र टाइप ५६ नावाची एक खरी कार्बाइनही, म्हणजे आखूड रायफलही, आहे, सोव्हिएत एसकेएसची नक्कल. शिवाय टाइप ५६ नावाची हलकी मशीनगनही आहे. एकाच आकड्याची तीन शस्त्रे! 'स्टेनगनधारी पोलीस' ही वर्तमानपत्री जोडी आपल्या कानांत बसली आहे, पण स्टेन हे एका विशिष्ट ब्रिटिश बंदुकीचे नाव : शेफर्ड, टर्पिन आणि एनफिल्ड यांची आद्याक्षरे.

मी असे लिहीन : टाइप ५०, ५४, ६४, ७९, ८५ आणि क्यूसीडब्ल्यू-०५ साठी सरळ 'सबमशीनगन'. टाइप ५६ प्रथम येईल तिथे 'टाइप ५६ ही एके पद्धतीची रायफल, जिला चिनी सैन्य सबमशीनगनच म्हणत असे', आणि पुढे सगळीकडे नुसते 'टाइप ५६ रायफल'. १९६२ च्या युद्धाचा भाग असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा. आपल्या जवानांच्या हातात .३०३ रायफली होत्या. समोरच्यांकडे पिस्तुली काडतुसाची बंदूक होती की एके, याने त्या लढाईचे वर्णनच बदलते.