बारावीनंतर अरबीची पदवी: पोरीला दिल्लीला पाठवू का?

सावदेकर
मुलगी जळगावात बारावी कलेला आहे. सीयूईटी देऊन जेएनयूत अरबीत बीए करायचं म्हणते. माझा भाऊ म्हणतो, आपल्या रावेर-यावलची केळी आखातात जातात, एक्स्पोर्टवाले हातोहात नोकरी देतील. खरं का?

पॅकहाऊस_भो
काका, केळीच्या भरवशावर पाठवू नका. आमची सगळी कागदं इंग्रजीत होतात, आणि दुबईचे बरेच खरेदीदार हिंदीत बोलतात. अरबीवाल्याला वेगळा पगार कोण देणार?

यावलची_लेक
मी हैदराबादला अरबीत एमए केलं. पॅकहाऊसवाल्या दादांचं बरोबर आहे, पण नोकरी फक्त केळीतच असते असं थोडीच आहे!

जेएनयूत बीएला लिपीपासून शिकवतात, त्यामुळे अरबी येत नाही ही अडचण नाही. तरी वर्गात मदरशांतून आलेली मुलं असतात, त्यांचं व्याकरण आधीच पक्कं. तिने घाबरू नये, त्यांच्याच बाजूला बसावं. शब्दकोशात शब्द मूळ धातूखाली शोधावा लागतो. संस्कृत घेतलं असेल तर हे लवकर पचेल.

खरी मेख पुढे आहे. पदवीचा भर फुसहावर, म्हणजे बातम्यांच्या आणि पुस्तकी अरबीवर. उपचाराला इथे आलेला इराकी किंवा ओमानी पेशंट घरची बोली बोलतो. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलांत दुभाषे लागतात, पण बोली कानावर बसवणाऱ्यालाच काम मिळतं. मी इजिप्तची बोली तिथल्या मालिका बघून शिकले (आई म्हणायची, अभ्यास कर!). साधं भाषांतर आता मशीन करतं. माणूस लागतो तो चूक महागात पडते तिथे: डॉक्टरसमोर, करारात.

संयुक्त राष्ट्रांचं स्वप्न दाखवणाऱ्यांपासून जरा लांब. १९७३ पासून अरबी तिथल्या ६ अधिकृत भाषांत आहे खरी, पण तिथले अनुवादक आपल्या मुख्य भाषेत अनुवाद करतात. त्यामुळे अरबीत लिहिण्याचं काम बहुतेक अरबांकडेच जातं.

असीरगड
इतिहासाची आवड असेल तर फारसीही घ्यायला सांगा. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी राजाने अरबीसोबत संस्कृतातही शिलालेख कोरून घेतलाय. हदीसचे (पैगंबरांच्या वचनांचे) मोठे विद्वान अली मुत्तकी तिथलेच, पुढे मक्केला गेले. आपल्या खानदेशाची मूळ फारसी कागदपत्रं वाचणारे फार थोडे उरलेत. पैसा कमी, हे आधीच सांगतो.

झामरू_आप्पा
पोरनी इच्छा शे ना? मंग जाऊ द्या.

सावदेकर
सगळ्यांचे आभार. लेक म्हणते, हॉस्पिटलचं काम आवडेल. @यावलची_लेक, ताई, त्या मालिकांची नावं टाकाल का? आणि दुभाष्याला महिन्याचा पगार असतो की पेशंटमागे पैसे?